सोपे प्रश्न

"औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्येच का झाली, सर?" शेजारची मृण्मयी दारातूनच विचारत आली, तसे निवृत्त झालेले आगाशे सर गुडघे सांभाळत खाली बसले. शहाबादी फरशीवर त्यांनी खडूने इंग्लंड काढलं, कोळशाच्या खाणी दाखवल्या, बंदरं दाखवली.

बायको होती तेव्हा हे नकाशे ओल्या फडक्याने पुसताना कुरकुरायची. तिला जाऊन वर्ष होत आलं. आता फरशीवर नकाशांवर नकाशे चढत होते आणि सर त्यांना वळसा घालून आपला एकट्याचा चहा करायला जात. चार वाजता ही पोर आली की मगच घरात माणसाचा आवाज व्हायचा. प्रश्न मात्र अगदी सोपा असायचा. भाव उतरला की मागणी का वाढते, एवढाच. ती कितवीत आहे हे विचारायचं सरांना कधी सुचलंच नव्हतं.

आज उठताना तिच्या हातातलं पुस्तक पडलं. रसायनशास्त्र, इयत्ता बारावी.

"अगं, तू सायन्सला? मग इतिहास कशाला?"

ती ओशाळली. "काकूंनी दवाखान्यात सांगितलं होतं, चार वाजता सरांना काहीतरी विचारत जा. सोपंच विचार म्हणाल्या. उत्तर आलं नाही तर रात्रभर झोपत नाहीत."

ती गेल्यावर सर गुडघ्यांवर हात टेकत उठले. मग मोरीतून ओलं फडकं आणून त्यांनी फरशी पुसायला घेतली. उद्याच्या प्रश्नाला जागा हवी होती.