दाराबाहेरचं स्टूल

"आई, दार!"

न्हाणीघरातून लेक तिसऱ्यांदा ओरडला. तो धडधाकट बसलाय याची आईने खात्री करून घेतली आणि दार पुन्हा लोटलं. लेक अडतीस वर्षांचा होता. शिवणकाम करायचा, अख्ख्या गल्लीची मापं त्याला तोंडपाठ होती. पण गेल्या वर्षी आंघोळ करताना त्याला फिट आली, डोक्याला सात टाके पडले आणि त्याच संध्याकाळी आईने दाराची आतली कडी उचकटून टाकली. तेव्हापासून दाराबाहेर स्टूल आणि स्टुलावर आई.

महिन्याच्या गोळ्या बघायला आरोग्यसेविका आली, तेव्हा तो ओल्या केसांनीच तिच्यापुढे उभा राहिला.

"ताई, हिला समजवा. नाहीतर मी वेगळी खोली घेतो."

आई स्टुलावरून ताडकन उठली. वेगळ्या खोलीत हा पडला, तर कळणार कुणाला?

आरोग्यसेविकेने दोघांकडे पाहिलं. "कडी नकोच. दार नुसतं लोटायचं. तुम्ही आत गाणं म्हणत राहायचं. गाणं थांबलं, तरच आईंनी दार उघडायचं."

लेकाचा गळा असा, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पहिल्याच दिवशी गाणं मध्येच तुटलं आणि आई धाडकन आत शिरली. त्याच्या तोंडात साबण गेला होता. दोघं आधी कडाकडा भांडली, मग हसत सुटली. वेगळ्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीन महिन्यांनी आरोग्यसेविका आली, तेव्हाही न्हाणीघरातून गाणं ऐकू येत होतं. तितकंच बेसूर. पण आवाज बाईचा होता. दाराबाहेरच्या स्टुलावर लेक बसला होता. मांडीवर कुणाचं तरी ब्लाऊज, हातात सुई, कान मात्र दाराकडे.

"परवा चक्कर आली तिला. भिंत धरली म्हणून वाचली," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि वर मलाच म्हणते, दाराला कडी बसवून दे."

"मग?"

त्याने दातांनी दोरा तोडला. "मी साफ नाही म्हणून सांगितलं."