मोठीच्या मापाचा ड्रेस

"अजून एक नंबर मोठा द्या," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. टेबलावर छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या लिबलिबीत नमुन्यांच्या जोड्या मांडल्या होत्या. नमुना आतल्या कपड्यात घालायचा, वरून आपला आवडता ड्रेस चढवायचा आणि आरशात बघून ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. त्यासाठी त्या प्रत्येकीला घरून एक ड्रेस आणायला सांगायच्या. हिने आणलेल्या निळ्या ड्रेसला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"तुमची चण लहान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एवढं वजन जड जाईल तुम्हाला. तुमच्याच अंगातली चरबी काढून तिथे भरता येते. फरक थोडा पडतो, पण अंगचंच वाटतं. नाहीतर भरायचं काही नाही, नुसतं उचलून घ्यायचं. आणि बसवायचंच असेल तर हा मधला आकार घ्या."

"मधल्याने ड्रेस भरत नाही."

"अहो, ड्रेस आल्टर करता येतो. अंग कशाला आल्टर करताय?"

एरवी ती खळखळून हसली असती. चष्म्याच्या दुकानात नोकरी तिची. कुणाच्या नाकाला कुठली फ्रेम शोभते हे दिवसभर लोकांना पटवायचं म्हणजे जीभ तयार लागतेच. पण आज तिने नुसता मोठा नमुना जवळ ओढला.

"हा ड्रेस तुमचाच ना?"

"माझाच," ती म्हणाली. "म्हणजे, आता माझाच."

तिचा नवरा शिंपी होता. बायकांचे कपडे शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप तो टेपने दोनदा घ्यायचा. बायकोच्या अंगाला मात्र त्याने लग्नापासून टेप लावली नव्हती. अंदाजाने बेतायचा, आणि दर खेपेला ड्रेस खांद्यात, कमरेत चपखल आणि छातीत ढगळ. पहिल्यांदा तिने चेष्टा केली, "शेजारीण पण बसवायचीय का यात?" तो कसनुसा हसला. पुढचा ड्रेसही तसाच आला.

मग एकदा माळ्यावरची पेटी उघडली, आणि तिला उत्तर सापडलं. पेटीत मोठीचे ड्रेस होते. मोठी म्हणजे त्याची पहिली बायको. तापाने गेली, एवढंच त्याने सांगितलं होतं. तो विषय दोघंही काढत नसत. तिने निळा ड्रेस अंगात घातला. खांद्यात, कमरेत बरोबर. छातीत तितकाच ढगळ, आणि आतून दुहेरी अस्तर लावून केवढ्या मायेने शिवलेला! म्हणजे नवरा शिवत होता तो मोठीसाठीच. अंगात फक्त ही होती.

तिने नणंदेला आडून विचारलं. नणंद लांबच्या गावाला राहायची, सणासमारंभापुरती यायची.

"मोठी वहिनी? काय सांगू तुला! अशी भरलेली बाई, की चारचौघींत उठून दिसायची," नणंद म्हणाली, आणि मग जीभ चावून, "तूही छानच आहेस गं."

तेव्हापासून घरात ती एकटी उरली नाही. आरशासमोर उभी राहिली की मागे कुणीतरी आपली पाळी यायची वाट बघत असावं तसं वाटे. रात्री नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावरून खाली यायचा आणि मध्येच थबकायचा, विस्तवाजवळ गेल्यासारखा. ती डोळे मिटून घ्यायची. त्याला तिथे दुसरीच कुणी हवी आहे, हे उघड होतं. त्या मेलेल्या बाईचा तिला राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची.

ऑपरेशनचं ऐकून तो पांढराफटक पडला होता.

"धडधाकट अंगाला चाकू कशाला लावायचा गं?"

"तुमच्यासाठीच ना!"

"मी कधी मागितलं?"

"मागायला तोंडच उघडावं लागतं असं नाही."

दवाखान्यात तो पाऊल टाकायला तयार नव्हता. आत्ताही खाली रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. तिच्या मते त्याचं कारण एकच, मोठीची जागा दुसरीने भरलेली त्याला बघवणार नव्हती. बघावंच लागेल आता, तिने मनाशी म्हटलं.

"हाच नमुना," ती डॉक्टरांना म्हणाली. निळ्या ड्रेसला आता कुठेही चुणी नव्हती. आरशातली बाई भरलेली होती, आणि तिला ती मुळीच ओळखीची वाटली नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर आला. खाटेच्या पायथ्याशी दांडा धरून उभा राहिला, बँडेजकडे न बघता.

"बघा तरी," ती म्हणाली. टाके ओढत होते, तरी ती उशीला टेकून ताठ बसली. "खरं सांगा, आता दिसते ना तिच्यासारखी?"

"कुणासारखी?"

"मोठीसारखी. पेटीतला निळा ड्रेस नेला होता मी मापाला. अगदी बरोबर बसला."

तो मटकन खुर्चीत बसला. दोन्ही हातांत तोंड धरलं.

"ताप नव्हता तो. कुणाला कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं होतं तिने माझ्याकडून," तो म्हणाला. "ताईलासुद्धा. म्हणून ढगळ शिवायचो, आत अस्तर लावून. ती गेल्यावर तुझे कपडे बेततानाही त्या जागेजवळ कात्री न्यायला हात धजेना. अगं, ती घालायची तेव्हा अस्तरात मी कापूस भरायचो. तिचे दोन्ही काढले होते."