एकतीस मतांचा पराभव

"शेवटची फेरी उरलीय, साहेब!" सचिव फोन कानाला लावूनच ओरडला. "आपण ऐंशी मतांनी मागे!"

साहेबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. पंखा पूर्ण वेगात होता, तरी ते घामाने डबडबले होते. पाच वेळा आमदार, दोनदा मंत्री. पण निकालाच्या दिवशी त्यांना असं कासावीस झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

विरोधात मॅडम उभ्या होत्या. वीस वर्षं सभागृहात दोघांची जुंपायची. साहेबांनी त्यांचं खातं घालवलं होतं, त्यांनी साहेबांचं अख्खं सरकार पाडलं होतं. यंदा तर मॅडम आपला हक्काचा मतदारसंघ सोडून थेट साहेबांच्याच मतदारसंघात उतरल्या. पेपरवाल्यांची चंगळ झाली.

थोरल्या बहिणीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "इतकं जिवाला लावून घेऊ नकोस रे. पन्नाशी उलटली तुझी."

"म्हणून तर," साहेब म्हणाले आणि पाणी न पिताच येरझाऱ्या घालू लागले.

पुन्हा फोन वाजला. सचिवाचा चेहरा उतरला.

"जागा गेली, साहेब. एकतीस मतांनी." लगेच त्याने पेन काढलं. "फेरमोजणी मागतो! एकतीस मतं म्हणजे काय, सहज फिरतील."

"खबरदार!" साहेब कडाडले. "अर्जबिर्ज काही करायचा नाही. गाडी काढा. मॅडमकडे जायचंय."

बहीण दारात आडवी आली. "आज नको! रागाच्या भरात काहीतरी करून बसशील." साहेब ऐकेनात, तेव्हा तीही गाडीत बसली.

मॅडमच्या दारात फटाक्यांचा धूर होता. साहेबांना उतरताना पाहून कुणीतरी शिट्टी मारली. पोलिसाने हात आडवा घातला. साहेब त्याला बाजूला सारून पुढे घुसले, तशी गर्दीने वाट करून दिली.

मॅडम बाहेर आल्या. गळ्यात हार, चेहरा लालबुंद.

"फेरमोजणी?" त्यांनी विचारलं.

"नाही मागितली."

"नक्की? नंतर शब्द फिरवायचा नाही."

"एवढ्या लोकांसमोर सांगतो. ठरल्याप्रमाणे आजपासून राजकारण सोडलं."

मॅडम गर्रकन वळल्या आणि हार सावरत घरात धावत सुटल्या.

"बाबा, हा हरला! म्हणजे घर हाच सांभाळणार. आता काढा आमच्या लग्नाची तारीख!"