ब्रेनरचं उत्तर

“म्हातारा बहिरा झालाय, वहिनी. दुसरं काय!” शंतनू सीटबेल्ट लावत म्हणाला.

मधुवंतीने गाडी सुरू केली. तिच्या नवऱ्याने, राजीवने, कधी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तो गेल्यापासून वर्षभरात ती सराईत झाली होती. कधी कधी एकटीच समुद्रापर्यंत जाऊन यायची.

म्हातारा म्हणजे ब्रेनर, जर्मन संगीतकार, व्हायोलिनवादक. ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या त्याच्या घरी शनिवारी लिहिणारी मंडळी जमत. ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचायचं, अर्थ सांगायचा नाही. ब्रेनर नुसता आवाज ऐकायचा आणि व्हायोलिनवर उत्तर द्यायचा.

मागच्या शनिवारी मधुवंतीने राजीववरची शोककविता वाचली. ब्रेनरने पायाने ठेका धरून लग्नातल्यासारखा उडता नाच वाजवला.

“माझ्या दादाच्या कवितेवर नाच!” शंतनू अजून धुमसत होता. “आणि त्या कुमारच्या विनोदी कथेवर रडगाणं. ऐकतोय कुठे तो? नुसता तोंडाकडे बघत बसतो. आज फक्त ओठ हलव. तरी वाजवायला लागला, तर बहिरा.”

“आणि नसला तर?”

“तर त्याने दादाची चेष्टा केली. मग मी त्याला सोडणार नाही.”

आठवडाभर तिला धड झोप नव्हती. ब्रेनर बहिरा निघावा, एवढंच तिला हवं होतं.

बाकीच्यांना शंतनूने हा डाव आधीच फोन करून सांगितला होता. ती दोघं ब्रेनरच्या घरी पोचली, तेव्हा ग्रीक इलेनीने मधुवंतीसाठी खुर्ची सरकवली.

“कुमार येत नाहीये,” इलेनी हळूच म्हणाली. “बायको केव्हाच सोडून गेलीय त्याला. आपल्याला हसवत होता, पत्ता लागू दिला नाही.”

मधुवंतीने हातातला कागद उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

“नो वरीज,” ब्रेनर म्हणाला. “सावकाश वाच.”

ती उभी राहिली. तीच कविता. ओठ हलत राहिले, आवाज नाही. ब्रेनर एकटक तिच्या तोंडाकडे बघत होता. ती थांबली, तसं त्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि गज उचलला.

‘बघ, म्हटलं नव्हतं?’ अशी शंतनूने मान हलवली. तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

गज सपासप फिरू लागला. बोटं तारांवर धावली. पायाने तोच नाचाचा ठेका धरला.

खोलीत आवाज फक्त बुटाचा येत होता. गज तारांच्या बोटभर वरून फिरत होता.

शंतनूने ब्रेनरवरची नजर काढली आणि सावकाश वहिनीकडे वळवली.