तळावरची तिरंदाज

रविवारची मिसळ संपत आली, तरी वाद मिटेना. व्हिडिओ गेममधल्या शेवटच्या लढाईला चौघांनाच नेता येई. पाचवा सोबती तळावर शेकोटीपाशी मागे राही. “ती घुमी तिरंदाज कशाला? नुसतं ओझं!” पावाने तर्री पुसत उपेंद्रने निकाल दिला. सगळे हसले. तनय मात्र हळूच म्हणाला, “मी तिलाच नेतो. शेवटच्या पुलावर ती बोलते.” “काय बोलते?” आभाने विचारले. “‘मला वाटलं, तुम्ही मला विसरलात.’ एवढंच.” उपेंद्र कारची किल्ली फिरवत उठला. तनय सोडून चौघे धरणावर निघाले होते. “तन्या, गाडी फुल्ल आहे रे. पुढच्या वेळी नक्की!” दर रविवारसारखा तनय हसला आणि घराकडे वळला. मागे गाडीचे दार उघडले. आभा मागच्या सीटवरची आपली फुगलेली पिशवी मांडीवर घेऊन हळूच आत सरकून दाराशी जागा करत होती.