नकाशातलं फाटक

जुन्या नकाशात: मेयो परगण्यातल्या या माळावर ब्रिजीचं घर, दगडी कुंपण आणि लोखंडी फाटक आहे.

शेतात: नुसतं गवत आहे. जमीन घेताना कॉर्मकने म्हाताऱ्या ब्रिजीला "कुंपण पाडणार नाही" असा शब्द दिला होता. ती गेली आणि आठवड्यात त्याने सगळं सपाट केलं.

तरी धारेला निघालेल्या गाई फाटकाच्या जागी थांबतात, मग एकेक करून पुढे जातात.

"सवय असते जनावराला," कॉर्मक पुटपुटला.

"कसली सवय? कालच तर बाजारातून आणल्यास," नकाशा धरून उभी असलेली त्याची बायको नुआला म्हणाली. "तुझा शब्द त्याच पाळतायत बघ."

शेवटची गाय गेली. कॉर्मक तिच्यामागे निघाला, तर मोकळ्या हवेत त्याच्या पोटाला गार लोखंड लागलं. पलीकडून कोणीतरी कडी घातली.