अर्जावरचं कारण

“पाळणाघर बघ, पण फार माया लावणारी बाई नको बघूस,” असं शेजारच्या दामलेकाकू म्हणाल्या, तेव्हा केतकी हसली होती. आता संध्याकाळी न्यायला गेलं की तिची रेवा पाळणाघरातल्या शैलाताईंच्या गळ्यात हात टाकून बसायची आणि आईला बघून मान फिरवायची.

ताईंची कधीकाळी कोर्टात केस झाली होती, एवढं कानावर पडताच केतकीनं कौटुंबिक न्यायालयाचा नक्कल विभाग गाठला. केसच्या कागदांत काहीतरी वाईट निघायलाच हवं होतं.

“तुम्ही पडल्या तिऱ्हाईत. नक्कल कशाला हवी, ते प्रतिज्ञापत्रावर लिहावं लागेल,” कारकून म्हणाले.

‘मुलीची सुरक्षितता,’ तिनं लिहिलं. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

नाव वाचून कारकुनांनी पेन खाली ठेवलं. “या बाईंची कसली भीती, मॅडम? मुलाचा ताबा नवऱ्याकडे गेला. भेटीच्या शनिवारी बाई डब्यात शिरा घेऊन इथे बसायच्या. मुलाला कोणी आणायचंच नाही. शेवटी शिरा आम्हाला वाटून जायच्या. घेऊ अर्ज दाखल करून?”

केतकीनं अर्ज परत घेतला. पण रेवाचं नाव ती सकाळीच पाळणाघरातून काढून आली होती. घरी पोर ‘ताई, ताई’ करत रडते आणि केतकीचा अजून जळफळाट होतो. तिथं जायला पाय उचलत नाही.

तुमच्यापैकी कुणी गणपती मंदिरामागच्या गल्लीत राहत असेल, तर शैलाताईंकडे जरा डोकावून याल? जेवल्या का, एवढंच विचारा. कुणी पाठवलं, ते सांगू नका.